जपान पहिल्यांदाच आणि दोघंच: आधी यादी कापा, मग तिकीट काढा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही हायस्कूलला इतिहास शिकवता, मिस्टर सातपूर एमआयडीसीतून मशीन शॉपमधून नुकतेच रिटायर झालेत, लग्न झाल्यापासून दोघांचं जपान-जपान चाललंय पण परदेशात अजून पाऊल टाकलेलं नाही, दोघं पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नको, हातात अकरा-बारा दिवस. आणि यादीत टोकियो, फुजी, निक्को, कानाझावा, क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा, वर साप्पोरो. ग्रुप टूरने जावं की आपलं आपण, कधी जावं, खायचं काय, पैसे किती, हे तुमचे चार प्रश्न.

मी नाशकात बरीच वर्षं लोकांना बाहेर पाठवायचंच काम करतोय, ग्रुप टूरही विकतो, त्यामुळे सरळ सांगतो. तुमचा खरा प्रॉब्लेम या चारांपैकी एकही नाहीये, तुमचा प्रॉब्लेम ती यादी आहे. पंचवीस वर्षं मनात धरलेला देश असला की माणूस तो सगळाच्या सगळा अकरा दिवसांत कोंबायला बघतो, आणि मग ट्रिप म्हणजे रोज सकाळी बॅग भरणं आणि संध्याकाळी बॅग उघडणं एवढंच होतं. जपान फिरायला अवघड देश नाही, ट्रेन वेळेवर, बोर्ड इंग्रजीत, रात्री दहाला एकटी बाई बिनधास्त चालते, पण तिथे पायपीट भयंकर आहे आणि ती कुठल्याच ब्रोशरमध्ये लिहिलेली नसते. शिंजुकूसारख्या स्टेशनात एका लाइनवरून दुसऱ्या लाइनला जाताना पंधरा मिनिटं सहज चालावं लागतं, त्यात जिने.

म्हणून साप्पोरो काढा, ते वर होक्काइदोला आहे, टोकियोहून विमानानेच दीड तास, तो वेगळा प्रवास आहे. कानाझावा काढा. ओसाका फक्त शेवटच्या रात्रीपुरतं. दोनच मुक्काम ठेवा, टोकियो पाच रात्री, क्योतो पाच रात्री, आणि एक रात्र ओसाका कारण परतीचं विमान तिथल्या कान्साई एअरपोर्टवरून घ्यायचं. जाताना टोकियोला उतरायचं आणि येताना ओसाकाहून निघायचं, असं तिकीट बहुतेक वेळा साध्या रिटर्नच्याच आसपास पडतं आणि क्योतोहून परत टोकियोला यायचं भाडं वाचतं. निक्को टोकियोहून एका दिवसात होतं, नारा क्योतोहून पाऊण-एक तासावर, आणि हिरोशिमासुद्धा क्योतोहून शिंकानसेनने, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनने, साधारण पावणेदोन तास, सकाळी जाऊन रात्री परत. तुम्ही इतिहासाच्या बाई आहात, ६ ऑगस्ट १९४५ दरवर्षी वर्गात शिकवता, तर हिरोशिमा काढा असं मी सांगणारच नाही. तो दिवस दमवणारा आहे, पायांना नाही, मनाला, म्हणून त्याच्या दुसऱ्या दिवशी काहीही ठरवू नका.

आता मिस्टरांचं. तुम्ही पाठवलेल्या यादीत त्यांचं काहीच दिसत नाही, सगळी देवळं, बागा, फुलं. असं खूप जोडप्यांचं होतं, एकाचं स्वप्न आणि दुसरा बॅग उचलायला, मग सहाव्या दिवशी सातव्या देवळाच्या दारात भांडण. मशीन शॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसासाठी नागोयाला टोयोटाचं इंडस्ट्री आणि टेक्नॉलॉजीचं म्युझियम आहे, जुन्या कापड गिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत. टोयोटा मुळात हातमाग आणि यंत्रमाग बनवणाऱ्या घराण्यातून आली, गाड्या नंतर. तिथे जुने माग चालवून दाखवतात, फोर्जिंग, प्रेस, सगळं डोळ्यासमोर. नागोया टोकियो-क्योतोच्या वाटेवरच आहे, त्यामुळे टोकियोहून निघाल्यावर तिथे उतरा, तीन-चार तास द्या, संध्याकाळच्या गाडीने क्योतो. सोमवारी बंद असतं तेवढं बघा. शिवाय क्योतोत रेल्वे म्युझियम आहे, वाफेच्या इंजिनांची जुनी गोल शेड आहे तिथे. त्या दिवशी ते इंजिनं बघतील, तुम्ही देवळं बघा, संध्याकाळी क्योतो स्टेशनला भेटा. एक अर्धा दिवस वेगवेगळं फिरण्यात काही वाईट नाही, उलट संध्याकाळी बोलायला विषय असतो.

मध्ये उतरायचं म्हटलं की सामानाचं टेन्शन येतं, त्यावर तिथे भारी सोय आहे. हॉटेलच्या काउंटरवर मोठी बॅग द्यायची, फॉर्मवर पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहायचा, दुसऱ्या दिवशी बॅग क्योतोच्या हॉटेलला. काळ्या मांजरीचं चित्र असलेली जी कंपनी दिसेल ती हेच काम करते, एका बॅगेला साधारण दोन ते तीन हजार येन. एका रात्रीचे कपडे सॅकमध्ये ठेवले की झालं. बॅग बरोबरच न्यायची असेल तर लक्षात ठेवा, लांबी रुंदी उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर टोकियो-क्योतो-ओसाका धावणाऱ्या तोकाइदो शिंकानसेनमध्ये त्यासाठीची खास सीट आधी बुक करावी लागते. आपल्याकडच्या मोठ्या चार चाकी बॅगा कधीकधी या मापाच्या वर जातात, घरी टेप लावून मोजा, चाकांसकट.

आणि हो, त्या गाडीत सीट डी आणि ई घ्या, दोघांची जोडी असते ती बाजू, आणि टोकियोहून क्योतोकडे जाताना उजवीकडे. सुटल्यावर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी शिन-फुजी स्टेशनच्या आसपास त्याच खिडकीतून फुजी दिसतो, ३७७६ मीटरचा, ढग नसले तर. ढग असतातच पुष्कळदा. म्हणून फुजीसाठी वेगळा मुक्काम करू नका, टोकियोतला एक दिवस मोकळा ठेवा, आदल्या रात्री हवामान बघा, आभाळ मोकळं असेल तर सकाळी बसने फुजीच्या पायथ्याशी कावागुचीको, नसेल तर टोकियोतच फिरा. कळसूबाईला पावसाळ्यात जाऊन वरून नुसतं धुकं बघून परत आलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

जेआर पासचं, म्हणजे ठरावीक दिवस जेआर रेल्वेने कितीही फिरायच्या पासचं, सगळे विचारतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे दर एकदम वाढले, सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून ५०,००० झाला. टोकियो ते क्योतो एका बाजूचं तिकीट साधारण चौदा हजार येन. हिरोशिमा जाऊन-येऊन धरलं तरी तुमच्या प्लॅनमध्ये पासचे पैसे सहसा वसूल होत नाहीत, आणि सगळ्यात जोरात जाणाऱ्या नोझोमी गाडीला पासवर वेगळे पैसे लागतात. जुने व्हिडिओ बघून पास घेऊ नका, सुटी तिकिटं काढा. शहरातल्या फिरण्याला सुइका किंवा इकोका कार्ड, गेटवर टेकवायचं की टिंग, दुकानातही चालतं. आयफोन असेल तर फोनमध्येच घेता येतं, आपल्याकडे घेतलेल्या अँड्रॉइडवर ते चालत नाही, प्लास्टिकचं कार्ड घ्या.

कधी जावं. साकुराचं, म्हणजे चेरीच्या बहराचं, तुमच्या मनात आहे हे कळलं, पण टोकियो-क्योतोत ती फुलं मार्चच्या शेवटी ते एप्रिलच्या सुरुवातीला, आठ-दहा दिवसांचा खेळ, आणि नेमकी तेव्हा तुमची परीक्षा आणि पेपर. शिवाय त्या दिवसांत हॉटेलचे दर आभाळाला टेकलेले असतात. मे महिन्याची सुट्टी घ्या असं माझं मत, पण पहिला आठवडा नको. २९ एप्रिल ते ५ मे त्यांचा गोल्डन वीक असतो, अख्खा जपान घराबाहेर, आपल्याकडे दिवाळीत गावाला जायची गर्दी असते तशी. ८-१० मे नंतर गर्दी ओसरते, हवा छान असते, पाऊस जूनमध्ये लागतो. नाशिक चाळीसला टेकलेलं असताना तुम्ही बावीस-पंचवीसमध्ये फिराल. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर पानांचा रंग निक्कोला मिळेल, क्योतोत मात्र तो नोव्हेंबरच्या मध्यानंतर चढतो, सुट्टी तोवर संपते. उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टला, अजिबात नको, घामाने हैराण व्हाल.

आता कागदपत्रं. इथे बायकांच्या बाबतीत एक नेहमीचा घोळ होतो तो आधी सांगतो. पासपोर्टवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, आधारवर तिसरंच. पासपोर्ट अजून काढायचाच आहे म्हणताय तर बरंच झालं, आधी आधार, पॅन आणि बँकेतलं नाव अक्षरन् अक्षर सारखं करून घ्या, मगच अर्ज. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका, नंतर तिकिटाच्या वेळी त्रास होतो. साधा ३६ पानी पासपोर्ट १५०० रुपये, तत्काळ केला तर वर २०००, तुम्हाला वेळ आहे, तत्काळची गरज नाही. पोलीस व्हेरिफिकेशनच्या वेळी घरी थांबा.

जपानचा टुरिस्ट व्हिसा आपल्याला एप्रिल २०२४ पासून ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत, आपल्याला जवळचं म्हणजे मुंबई. बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, शाळेचं रजेचं पत्र, मिस्टरांचे पेन्शन-पीएफचे कागद, दिवसागणिक कार्यक्रम. स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आठवडाभर आधी भाच्याने टाकलेले तीन लाख दिसले की ते लगेच ओळखतात, तसलं काही करू नका, रिटायरमेंटचे पैसे एफडीत असतील तर एफडीच दाखवा. हॉटेल्स फ्री कॅन्सलेशनवाली बुक करा, खोटी बुकिंग जोडू नका.

ई-व्हिसाची एक गोष्ट एअरपोर्टवर अडवते. तो प्रिंट काढून चालत नाही, स्क्रीनशॉट चालत नाही, पीडीएफ चालत नाही. काउंटरवर त्यांच्यासमोर फोनमध्ये इंटरनेट लावून साइट उघडायची आणि व्हिसाचं पान लाइव्ह दाखवायचं. माझ्याकडच्या एका काकांनी रंगीत प्रिंट लॅमिनेट करून आणली होती, चेक-इनच्या लाइनीत उभं राहून मुलाकडून फोनवर पासवर्ड घ्यावा लागला. लॉगिन दोघांच्या फोनमध्ये करून ठेवा, घरी दोनदा उघडून बघा. इमिग्रेशन आणि कस्टमसाठी व्हिजिट जपान वेब म्हणून त्यांची साइट आहे, तिथे निघायच्या आधी माहिती भरून क्यूआर तयार ठेवला की तिकडे लाइनीत फॉर्म लिहीत बसावं लागत नाही.

खाण्याचं. ग्रुप टूरचा खरा फायदा हा एकच, रोज संध्याकाळी डाळ-भात. पण त्यासाठी रोज बसमध्ये दीड तास घालवायचा का, हे तुम्हीच ठरवा, माझं उत्तर तुमच्या बाबतीत नाही असंच आहे. तिथली खरी अडचण मांस नाही, ते दिसतं तरी. अडचण दाशी, सुकवलेल्या माशाच्या किसापासून केलेलं पाणी, जे मिसो सूपमध्ये, उदोन नूडल्सच्या रश्श्यात, भाजीच्या सॉसमध्ये असतं. नुसतं आम्ही व्हेजिटेरियन म्हटलं तर वरचे मांसाचे तुकडे काढतात आणि रस्सा तोच देतात, त्यांच्या मनात खोट नसते. म्हणून मांस नको, मासा नको, माशाची दाशी नको, अंडं नको, हे चार मुद्दे सुटेसुटे जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि ऑर्डरच्या आधी दाखवा. टोकियो स्टेशनच्या गेटच्या आत टीज तानतान म्हणून पूर्ण वीगन रामेन, म्हणजे रश्श्यातले नूडल्स, मिळतं, लाइन असते पण सरकते. टोकियोत निशी-कासाई भागात आपले लोक खूप राहतात, तिथे डोसासुद्धा मिळतो. क्योतोत मठातलं शोजिन र्‍योरी म्हणजे भिक्षूंचं शाकाहारी जेवण एकदा घ्याच, महाग आहे, पण तोफू असाही लागतो हे तिथे कळतं. तिथेही दाशीचं आधी विचारून घ्या.

रोजच्यासाठी मात्र मेतकूट. खरंच सांगतो. कोन्बिनी म्हणजे चोवीस तास चालणारं दुकान, दर चौकात एक. तिथे पॅकबंद साधा भात मिळतो, गरम करून मागायचा, रूमवर आणायचा, मेतकूट, दाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. सकाळी उपम्याचं किंवा पोह्यांचं गरम पाणी घालून होणारं पाकीट, किटली बहुतेक रूममध्ये असतेच. घरून इलेक्ट्रिक किटली किंवा छोटी शेगडी नेऊ नका, तिकडे वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची वस्तू तिथे नुसती कोमट होते. मोबाइलचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अ‍ॅडॉप्टर घ्या. चिवडा, भाकरवडी, खाकरा चालतो. पण द्राक्षं, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, कच्चे दाणे, कच्चे तांदूळ-डाळी नेऊ नका, ताजी फळं-भाज्या आणि कच्चं धान्य तपासणीच्या सर्टिफिकेटशिवाय आत येऊ देत नाहीत. निफाडची द्राक्षं कोणाला भेट म्हणून न्यायची हौस असेल तर मनुके घ्या पॅकबंद, आणि कस्टमला दाखवा.

औषधांचंही तसंच. रोजच्या गोळ्या महिन्याभरापेक्षा जास्त नको, डॉक्टरांच्या इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसकट, मूळ पाकिटातच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि स्यूडोएफेड्रिनवाल्या सर्दीच्या गोळ्या आपल्याकडे सहज मिळतात, तिकडे त्यावर कडक नियम आहेत, नेऊच नका. ट्रॅव्हल इन्शुरन्स जुन्या आजारांची नोंद करून घ्या, बीपी लपवून घेतलेल्या पॉलिसीचा ऐनवेळी उपयोग नसतो.

हॉटेल बुक करताना सेमी डबल असं लिहिलेली रूम दिसेल, स्वस्त असते, दोघांना चालेल असंही लिहिलेलं असतं. तो पलंग साधारण १२० सेंटिमीटर रुंद असतो. नव्या लग्नात ठीक आहे. तुम्ही ट्विन घ्या, दोन सुटे पलंग.

देवळांमध्ये एक माझ्या आवडीचं सांगतो, बहुतेक टूरवाले तिथे नेत नाहीत. टोकियोत आसाकुसाचं मोठं सेन्सोजी मंदिर बघून झालं की नदीच्या काठाने दहा-पंधरा मिनिटं चाललात की छोट्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन लागतं. तिथला देव कांगितेन म्हणजे आपला गणपतीच, बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे तिकडे गेलेला. मूर्ती झाकलेली असते, दर्शन होत नाही. नैवेद्याला मोदक नाही, मुळा. अख्खा, पांढराशुभ्र, मनगटाएवढा जाड मुळा, देवळातच विकत मिळतो, लोक तो घेऊन चपला काढून आत जातात आणि देवापुढे ठेवतात, भिंतीवर, दगडावर सगळीकडे दोन मुळ्यांची जोडी आणि पैशाची थैली कोरलेली. गर्दी नाही, सेल्फी नाही. आणि नाराला तो भला मोठा दाईबुत्सु, म्हणजे बुद्धाची महाकाय मूर्ती, बघाल तेव्हा वर्गात सांगायला एक गोष्ट, त्याचे डोळे उघडण्याचा विधी ७५२ मध्ये बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला होता. पांडवलेणी बघत मोठं झालेल्या माणसाला ते मंदिर परकं वाटत नाही.

पांडवलेण्यावरून आठवलं, निघायच्या दोन महिने आधीपासून आठवड्यातून तीनदा तिथे चढउतार करा किंवा गोल्फ क्लबवर रोज तासभर चाला, आणि जे बूट घालून जाणार तेच घालून चाला. नवे बूट एअरपोर्टवर उद्घाटन करू नका. पहिले दोन दिवस सकाळी लवकरचं काही ठेवू नका, ते आपल्या साडेतीन तास पुढे आहेत, तिथे सात वाजतात तेव्हा तुमच्या शरीरात साडेतीन वाजलेले असतात.

खर्च. सध्या १०० येनला पंचावन्न-साठ रुपयांच्या आसपास धरा. दोघांचं विमान, अकरा रात्री ठीकठाक हॉटेल, गाड्या, खाणं, तिकिटं, इन्शुरन्स मिळून आपलं आपण केलं तर साडेतीन ते साडेचार लाख, खरेदी सोडून. पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतात, तो बुडत नाही, रिटर्नमध्ये वजा होतो, पावती सांभाळा. कार्डावर इंटरनॅशनल वापर बँकेच्या अ‍ॅपमधून आधीच चालू करा, आणि ओटीपीसाठी इथलं सिम रोमिंगवर जिवंत ठेवा, डेटा मात्र तिथला ई-सिम. रोख येन सेव्हन इलेव्हनमधल्या एटीएममधून निघतात, देवळात आणि छोट्या दुकानात रोखच लागते.

नाशिकहून मुंबईला समृद्धी पूर्ण झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण पुढे भिवंडी-ठाण्याचं ट्रॅफिक तसंच आहे, रात्रीचं विमान असेल तर दुपारी चारलाच निघा. ओझरहून दिल्लीमार्गे जायचं असेल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत, सुटी काढलीत आणि पहिलं लेट झालं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं.

सासूबाईंना बारा दिवस कोणाकडे ठेवायचं हे मात्र तिकीट काढायच्या आधी नणंदेशी बोलून पक्कं करा, ऐनवेळी कॅन्सल झालेल्या ट्रिपा मी व्हिसापेक्षा यामुळे जास्त पाहिल्यात. आणि नवी यादी मिस्टरांना बसवून दोघांनी मिळून करा, तीन गोष्टी तुमच्या, तीन त्यांच्या, ती पाठवा, मग मी तारखा आणि हॉटेलचे एरिया सांगतो.